भाऊबीजेची सही

या वहीत मी शाळा लिहिली, अप्पांचं खणांचं दुकान लिहिलं, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलो होतो तेही लिहिलं. पण अक्काच्या त्या दिवाळीपाशी आलो की दर वेळी पेन खाली ठेवून उठलो. कधी पाणी प्यायला, कधी गोळी घ्यायला. एकदा नळ गळतोय असं वाटून उठलो, तर नळ गळत नव्हता. माझ्या मुलांना ही गोष्ट माहीत नाही. बायकोला सांगायची असं कितीतरी वर्षं ठरवत होतो, तीही गेल्या माघात गेली. आता ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नाही तेव्हा सांगायला बसलोय. यातला भित्रेपणा माझा मला कळतो.

लिहायला बसवलं ते एका अनोळखी बाईनं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर वर्षी दिवाळीच्या आधी एक दुपार मी सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात बसतो. नवरा किंवा बायको गेलेली माणसं येतात, बहुतेकांची ती पहिलीच दिवाळी असते. चहा होतो आणि मी पैशाच्या चार गोष्टी सांगतो. यंदा काय करणार नाही हे आधी ठरवा आणि पाहुण्यांना आत्ताच कळवा, ते दारात उभे राहिल्यावर नाही. गेलेला माणूस दिवाळीला ज्यांना ज्यांना काही द्यायचा ती सगळी यादी तुम्ही पुढं चालवलीच पाहिजे असं नाही. तीन महिन्यांचं भाडं, किराणा, औषध आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात सण करा. पण करा, एक तरी पदार्थ स्वतःच्या हातानं करा. खात्याला वारस लावलाय का बघून घ्या. आणि पहिलं वर्षभर, त्यातही सणाच्या आठ दिवसांत, कुठल्याही कागदावर सही करू नका. हल्ली त्यात ओटीपीही घालतो. नातवानं फोन हातात घेऊन 'आजी, आकडा सांग' म्हटलं तरी ती सहीच. लोक लिहून घेतात, माझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. यंदा तर मीच त्यांच्यातला एक होतो, त्यामुळं जास्तच चांगलं बोलले.

शेवटी एक बाई उभी राहिली. सांगोल्याकडची, शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर सोलापुरात लेकीकडं येऊन राहिलेली. पदर नीट करत म्हणाली, "सायेब, घरच्यांनी मागितली तरी न्हाय करायची व्हय सही?"

"घरच्यांनी म्हणजे कुणी?"

"माजा भाऊ हाय वो, सख्खा. डाळिंबाला बोर मारायची म्हनतोय. मालकांच्या इम्याचं पैसं आल्यात न्हवं. भाऊबीजेला कागद घिऊन येनार हाय."

"नका करू. वर्ष होऊ दे म्हणा."

"ववाळायला बसल्यावर न्हाय कसं म्हनू? ताट हातात आसतंय की." ती थोडी हसली. "तुमी त्या भावाच्या जागी असता तर काय केलं असतं, सांगा बरं."

सगळे हसले. मीही हसलो आणि चहाचा कप उचलला. कप रिकामा होता. रिकाम्या कपातून मी दोन घोट घेतले.

आम्ही शुक्रवार पेठेत एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. घरात कानडी, जिना उतरला की मराठी, आणि मागच्या गल्लीत मागवाल्यांचं तेलुगू. माग दिवसभर खटखटत असायचे. तो आवाज आम्हाला ऐकू येत नसे, बंद पडला तरच ऐकू यायचा, म्हणजे वीज गेली की अव्वा, आमची आई, म्हणायची, "काय झालं रे, एवढं शांत?" अप्पांच्या दुकानातून खणांचा नवा, खळीचा वास त्यांच्या सदऱ्याबरोबर वर यायचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते संध्याकाळपर्यंत घामानं दोन व्हायचे. स्वयंपाकाच्या खोलीत एका कोपऱ्यात दगडी उखळ जमिनीत बसवलेलं होतं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ त्यात घालून तेल सुटेपर्यंत कुटलं की शेंगाचटणी होते, हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. कडक भाकरी, ती चटणी आणि वर दही एवढ्यावर माझं कॉलेज झालं.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचं नाव कस्तुरी, हे मला तिची लग्नपत्रिका छापून आली तेव्हा नीट लक्षात आलं, कारण घरात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. मला अंघोळ घालणारी, माझी पाटी पुसणारी आणि मी खोटं बोललो की माझ्याआधी हसणारी ती. दाजी सूतगिरणीत फिटर होते. आषाढात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. पाच वर्षांच्या रेणूला घेऊन, एक ट्रंक आणि शिवणयंत्र घेऊन अक्का आमच्या दोन खोल्यांत परत आली. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. दाजींच्या फंडाचे आणि इतर असे जे पैसे मिळाले ते एका जुन्या बँकेत तिच्या एकटीच्या नावावर ठेव म्हणून गेले. अप्पा म्हणत होते दुकानात घालू, चुलते म्हणत होते रेणूच्या लग्नासाठी सोनं घेऊ. ते दोन्ही मोडून काढून ठेव करायला लावली ती गंगाकाकूनं.

गंगाकाकू समोरच्या घरात खाली राहायची. तिशीत नवरा गेलेला, तेव्हापासून कडक भाकऱ्या विकून तीन मुलं वाढवलेली, अक्षरओळख नाही. तिच्या फळीवर पत्र्याचे सहा डबे असायचे. पैसे आले की ती ते डब्यांत वाटायची, आणि कुठला डबा कशाचा हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या तळाशी एक वस्तू टाकलेली असायची. धान्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे, कपड्याच्या डब्यात बटण, शाळेच्या डब्यात पाटीवरची पेन्सिल, औषधाच्या डब्यात सुंठेचा तुकडा, सणाच्या डब्यात पणती. डबा हलवला की आवाजावरून ओळखायची. अक्का आल्यावर आठव्या दिवशी काकू तिच्यासाठी तसेच सहा डबे घेऊन जिना चढून आली. सहाव्या डब्यात तिनं एक गंजलेली किल्ली टाकली होती.

"ही कशाला?" अक्कानं विचारलं.

"आमच्या वाड्याच्या मागं दोन खोल्या हायत, कौलाच्या. मालक विकणार हाय, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो म्हणलाय. ठेवीची मुदत भरली की घे. भावाच्या घरात बहीण पाहुणी असती कस्तुरे, आज बरी वाटती. तुझं तुला दार पायजे." मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून म्हणाली, "तू काय ऐकलालास रे? तुझ्या बायकोचंच भलं सांगलालो मी."

ठेवीची पावती त्या किल्लीच्या डब्यात ठेवली गेली. अक्का कधी कधी काही कारण नसताना तो डबा हलवायची. मला अजून तो आवाज येतो. पत्र्यावर लोखंड सरकल्याचा आवाज. गेल्या आठवड्यात सुट्टीला आलेली नात कंपासपेटी हलवत घरभर फिरत होती, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. ती रडली. तिला कारण सांगता आलं नाही.

त्या वर्षी आमच्या घरात दिवाळीला कढई चढली नाही. दुखवट्याच्या घरात तळण करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी फराळ आणून देतात. वसुबारसेपासून डबे येत राहिले. चकल्या, करंज्या, लाडू, शेंगापोळ्या. अक्का भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची आणि अव्वा डबे एकावर एक रचायची. ते सगळं आयतं गोड बघून घर आणखीच उदास वाटत होतं. गंगाकाकू आली, डब्यांकडं बघून म्हणाली, "एवढे डबे परत कसे देणार?"

"धुऊन देईन की," अक्का म्हणाली.

"रिकामा डबा देतात व्हय कुणाला?"

"काकू, आमच्यात यंदा गोड न्हाय करायचं."

"मग तिखट घाल. तिखटाला कुणी न्हाय म्हणलंय? ऊठ. शेंगा भाज." अक्का हलली नाही. काकू खाली बसली, तिचा हात हातात घेतला आणि आवाज उतरवून म्हणाली, "पहिला सण लई वाईट असतो, पोरी. मला ठाऊक हाय. रडायचं तर कुटता कुटता रड. पण हात चालू दे."

अक्का उठली. दाजी गेल्यापासून बंद असलेलं उखळ त्या सकाळी सुरू झालं. धप्प, धप्प, मध्ये रेणूचा आवाज, "आई, मी पण," आणि पुन्हा धप्प. अप्पा खालून वर आले, दारात थांबले आणि परत गेले. आलेला प्रत्येक डबा शेंगाचटणी भरून परत गेला. भाऊबीजेच्या आधीच दोन घरांतून निरोप आला, अशीच एक किलो करून द्याल का, पैसे घ्या. अक्का चार महिन्यांत पहिल्यांदा हसली ती त्या निरोपाला. म्हणाली, "काकू, दुखवट्याचं दुकान झालं की माझं." काकू म्हणाली, "तर! पाटी लाव आता." मग दोघी हसत सुटल्या आणि हसता हसता अक्का रडली. मी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. सभागृहात मी जे जे सांगतो ते सगळं या दोन बायकांचं आहे. मी फक्त बँकेच्या भाषेत बोलतो. आणि सही करू नका हेही काकूचंच. 'सणात मन मऊ असतंय, तेवढ्यात माणसं कागद काढत्यात,' असं ती अक्काला बजावायची. 'कुणी काय मागितलं तर काकूला विचारते म्हण. काकू वाईट होऊ दे.'

त्याच दिवसांत मी आमच्या भागातल्या एका नव्या पतसंस्थेत तात्पुरता कारकून होतो. पगार असातसाच. दसऱ्याला मॅनेजरनं आम्हा चौघांना आत बोलावलं आणि सांगितलं की दोन जागा कायम करायच्या आहेत. जे जास्त ठेवी आणतील ते राहतील, बाकीच्यांनी दुसरीकडं बघावं. तेव्हा असंच चालायचं. नोकरीची परीक्षा म्हणजे नातेवाईक. एकानं सासऱ्याची ठेव आणली, एकानं मामाची. माझ्याकडं अप्पा होते, ज्यांचे पैसे खणांत अडकलेले, आणि अक्का होती. मॅनेजर रोज संध्याकाळी सगळ्यांदेखत विचारायचा, "काय मल्लिनाथ, दिवाळी कोरडी का?" आमचा व्याजदर जुन्या बँकेपेक्षा बराच जास्त होता. अक्काचंही भलंच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण भलंच असतं तर मी अप्पांसमोर बोललो असतो, काकूसमोर बोललो असतो. मी वाट बघत राहिलो, काकू अक्कलकोटला आपल्या भावाकडं कधी जाते याची. ती भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं गेली.

अव्वाच्या मनात होतं की यंदा अक्कानं मला ओवाळू नये. तिला बोलून दाखवायचं धाडस नव्हतं, पण तबक काढून ठेवलं नव्हतं. मी पाटावर जाऊन बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अक्कानं ओवाळल्याशिवाय मी जेवणार नाही. ती माझी बहीण आहे, दाजी गेले म्हणून बहीण गेली नाही." अप्पांनी चष्मा काढून पुसला. अव्वा डोळ्याला पदर लावून तबक काढायला गेली. त्या दिवसाची ही गोष्ट आमच्या नात्यात अजून सांगतात. मल्लिनाथनं त्या काळात बहिणीच्या हातून ओवाळून घेतलं म्हणून. माझ्या साठीला पुतण्यानं भाषणात सांगितलं. मी जे बोललो ते खरंही होतं. मला आजही वाटतं की ते खरं होतं. पण बोलताना माझ्या सदऱ्याच्या खिशात पतसंस्थेचा छापील फॉर्म, जुन्या बँकेला द्यायचं पत्र आणि रेव्हेन्यू स्टँप होता.

अक्कानं मला कुंकू लावलं. चार महिन्यांत तिनं कुंकवाला बोट लावलं नव्हतं. तिच्या तोंडावर असं काही उजळलं होतं की मला बघवेना. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "घाल काय ते. का नुसतंच पोट भरायला बसलास?"

मी तबकात अकरा रुपये आणि खण ठेवला. अप्पा-अव्वा जेवणाची पानं घ्यायला आत गेले. तेव्हा मी म्हणालो, "अक्का, तुझी ठेव आमच्याकडं आणू. व्याज बघ किती जास्त आहे. दोन खोल्यांच्या जागी तीन येतील. फक्त पावतीच्या मागं सही कर, आणि या पत्रावर."

ती घाबरली नाही, रागावली नाही. जरा गोंधळली. "ब्याडप्पा," म्हणाली. आमच्या कानडीत म्हणजे नको रे बाबा. "काकूला विचारते की. परवा येईल ती."

"काकूला व्याजातलं काय कळतंय? शिकलेला भाऊ घरात असताना तू समोरच्या बाईला विचारणार?" आणि मग मी ते वाक्य बोललो, जे मी आधी ठरवलं नव्हतं, आपोआप तोंडात आलं. "आत्ता तू मला ओवाळलंस. माझ्यावर एवढा पण विश्वास नाही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठून फळीवरचा डबा काढला, किल्ली खडखडली, पावती काढून माझ्यासमोर पाटावर ठेवली. मी मागं स्टँप चिकटवला. तिनं वाकून सही केली, शाळेतल्यासारखी गोल अक्षरं, क. म. पाटील. कागद सरकू नये म्हणून डाव्या हातानं मी धरला होता, तिच्या उजव्या हाताचं कुंकवाचं बोट सहीशेजारी टेकलं. तिथं लाल ठसा उमटला. "अगं बाई, खराब झालं," ती म्हणाली, "चालेल का रे?" मी म्हणालो, "चालेल." जुन्या बँकेतल्या माणसानं तो ठसा बघून म्हटलं, "वा, पूजेतली पावती दिसतेय," आणि पुढचं काम केलं.

मी कायम झालो. नवी ठेव तिच्याच नावानं झाली, माझ्या खात्यात एक पैसाही आला नाही. या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं झोपलो आहे. काकू परत आल्यावर अक्कानं तिला सांगितलं असणार, कारण काकूनं मला जिन्यात गाठलं. "नोकरी पक्की झाली म्हनं तुझी?"

"व्हय काकू."

"कधीपासनं?"

"एक तारखेपासनं."

"हां," ती म्हणाली, आणि टोपलीतल्या भाकऱ्यांवरचं फडकं नीट करत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी नीट बोलली नाही.

आता त्याहून वाईट. उन्हाळ्यापर्यंत मला कळलं होतं. मी आत बसत होतो, मला दिसत होतं. मोठी रक्कम काढायला कुणी आलं की मॅनेजर मागच्या दारानं जायचा, आम्ही 'सोमवारी या' म्हणायचो. संचालकांच्या पाहुण्यांना दिलेली कर्जं परत येत नव्हती. त्या दोन महिन्यांत मी अक्काची ठेव काढू शकलो असतो. दुसऱ्या एका कारकुनानं सासऱ्याची काढली, आणि त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. तेव्हा माझा एका बँकेच्या परीक्षेचा निकाल यायचा होता. कामाचा दाखला चांगला मिळायला हवा होता. मी अजून एक महिना, अजून एक महिना करत राहिलो. श्रावणात एका सकाळी शटर वर गेलंच नाही. बाहेर माणसं, त्यात पायरीवर चप्पल हातात घेऊन बसलेली एक म्हातारी. मी समोरच्या पानपट्टीआडून बघितलं आणि घरी गेलो.

दुपारी पानं वाढलेली होती. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती, कारण तीनच दिवसांपूर्वी बँकेचं पत्र आलं होतं, मी पास झालो होतो. पतसंस्था बुडाल्याचं आणि ठेवीदारांत अक्काचं नाव असल्याचं अप्पांना बाजारात कळलं होतं. ते पानावर बसले आणि हुग्गीला हात न लावता म्हणाले, "ठेव तिथं गेली कशी? जुन्या बँकेत होती ना? कुणी काढली?"

मी हुग्गीत तूप कालवत होतो. मी म्हणालो, "अक्कालाच जास्त व्याज पाहिजे होतं. मी नको म्हणत होतो."

हे वाक्य लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

अक्का भाकरी घेऊन येत होती, ती दारात थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पानातून मान वर केली नाही, तरी बघितलेलं मला कळलं. अप्पा ओरडले, "हाव सुटली होती का तुला? नवऱ्याच्या जिवाचे पैसे!" अक्का म्हणाली, "व्हय अप्पा. चुकलं माझं." आणि तिनं माझ्या पानात भाकरी वाढली.

ती का गप्प बसली हे मला माहीत नाही. माझं नवं पत्र घरात होतं म्हणून असेल. राहायला दुसरं घर नव्हतं म्हणूनही असेल, आणि हे मला जास्त खरं वाटतं. कौलाच्या खोल्या दुसऱ्याच कुणी घेतल्या. अक्का आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत चौदा वर्षं राहिली, माझी बायको त्या घरात आली तेव्हाही ती उखळाशेजारी झोपत होती. चटणी कुटून तिनं रेणूला शिक्षिका केली. नात्यात कुणी जास्त व्याजाच्या मागं लागलं की लोक तिचं उदाहरण द्यायचे, कधी तिच्यासमोरही, 'कस्तुरीसारखं व्हायचं.' मी तिथं असायचो. मी तोवर बँकेतला साहेब होतो, आणि मान डोलवायचो.

ओवाळायला मात्र ती दर वर्षी बसायची. कुंकू लावून झालं की पदराला बोट स्वच्छ पुसायची, उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "काय मल्लू, कुठं सही-बिही करायचीय का रे?" सगळे हसायचे. बँकवाल्या भावाची थट्टा. दर वर्षी, एकही वर्ष न चुकता. त्यात राग असता तर मी कदाचित बोललो असतो. राग कधीच ऐकू आला नाही.

इथपर्यंत काल लिहिलं. आज सकाळी सभागृहाच्या वहीतून त्या सांगोल्याच्या बाईंचा नंबर शोधून फोन लावला. म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, मी भाऊ असतो तर काय केलं असतं. मी तो भाऊ होतो. मी सही घेतली." आणि थोडक्यात सांगितलं. पलीकडं शेळी ओरडल्यासारखा आवाज आला, टीव्हीचा असेल.

मग म्हणाली, "बहीन हाय का वो?"

"नाही. तीन वर्षं झाली."

"मग माफी मागितली का न्हाय तिची?"

मी म्हणालो, "तुमच्या भावाला कागद खिशातच ठेवायला सांगा." तिनं पुन्हा विचारलं नाही. "न्हाय करत मी सही," म्हणाली. "तुमच्या बहिनीचं नाव काय व्हतं?" मी नाव सांगितलं.

शेवटच्या भाऊबीजेला अक्का रेणूच्या घरी पलंगावर होती. किल्लीचा डबा तिच्या उशापाशी होता, आता त्यात गोळ्या ठेवायची, पण किल्ली तिनं काढली नव्हती. माझ्या खिशात घडी केलेला एक कागद होता आणि त्यात चेक. रक्कम मी व्याजासकट काढली होती, जुन्या बँकेच्या दरानं. रेणूनं तिचा हात धरून माझ्या कपाळापर्यंत आणला. कुंकू नाकावर सांडलं. अक्कानं बोट पुसलं, बघितलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सही-बिही करायचीय का रे?" या वेळी कुणी हसलं नाही, कुणाला ऐकूच गेलं नाही. ती वाट बघत होती. तिची नजर माझ्या खिशावर होती. "काय हाय त्यात?"

"काही नाही अक्का," मी म्हणालो. "डॉक्टरची चिठ्ठी आहे."

"हां," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

पौषात ती गेली. चेकची मुदत संपली. तेवढी रक्कम मी नंतर रेणूच्या खात्यात भरली, तिला वाटलं मामानं सहज दिली. कागद माझ्याकडं आहे. घडीवर फाटलाय. त्यावर एवढंच आहे, शेवटचं वाक्य अर्धंच राहिलेलं:

अक्का, व्याज तू मागितलं नव्हतंस. नोकरी मला पाहिजे होती. अप्पांसमोर मी खोटं बोललो आणि तू माझ्या पानात भाकरी वाढलीस. मला क्षमा कर असं